किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक उचलताना: काम करणाऱ्यांचे अनुभव

किनारा सफाईत नेमाने उतरणाऱ्यांना एवढंच विचारलं होतं: काम कसं करता, ते कुठे फसतं आणि का? स्वतःबद्दल नको, कामाबद्दल लिहा.

भरती-ओहोटी बघून तारीख ठरवणारी

सुट्टीचा वार नंतर बघा, आधी चंद्र बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते. ती जिथवर पोचते तिथे कचऱ्याची सगळ्यात वरची ओळ पडते. नंतरच्या भरत्या त्या ओळीच्या खालीच थांबतात, त्यामुळे तो माल साधारण पंधरवडाभर जागेवर राहतो आणि पुढचं उधाण त्यातला बराचसा परत ओढून नेतं. म्हणून वरची ओळ अमावास्या-पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी उचला. उधाण ओसरल्यावर गेलात तरी चालतं, पण मधे वादळी वारा सुटला तर हाती काही लागत नाही.

ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, पाण्यामागोमाग खाली जा आणि पाणी फिरलं की वर सरका. जिथे दिवसाला दोन भरत्या येतात तिथे ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते, तेव्हा गेल्या आठवड्याची वेळ धरून चालू नका. पाणी फिरल्यावर पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा भाग चढतो, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी चौथा भाग. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबून माणसं खडकांत अडकतात. खडकाळ कोपऱ्यातली टोळी दुसरा तास सुरू होण्याआधी बाहेर हवी.

गोण्यांचा हिशोब ठेवणारा

दहा लिटर ओल्या वाळूचं वजन २० किलोच्या आसपास भरतं. दोर आणि चिंध्या वाळूसकट गोणीत गेल्या की गोणी फाटते, नाहीतर कुणाची तरी कंबर धरते. तळाला बोटभर भोकं पाडलेल्या बादलीत गोळा करा, झटका आणि मग गोणीत ओता. १५ किलोच्या आतच तोंड बांधा. विणलेली प्लॅस्टिकची गोणी उन्हात पडून राहिली तर तिचेच धागे सुटतात. त्याच दिवशी गाडी येणार नसेल तर सफाईची तारीख पुढे ढकला. भरतीरेषेखाली रचून ठेवलेला ढीग म्हणजे समुद्राला परत दिलेला कचरा.

सुया चिमट्यानेच उचला. त्यांना टोपण परत लावायचं नाही, जाड झाकणाच्या कडक डब्यात टाकायच्या. बंद पिंप आणि जहाजावरून धूर-उजेडाने इशारा द्यायची नळकांडी यांना हात लावू नका; भोवती दोर लावून यंत्रणेला कळवा.

जाळी काढणारे

पुरलेलं जाळं कधीही गाडीला बांधून ओढू नका. वरून हातभर दिसणारं जाळं खाली किती पसरलंय ते कळत नाही. ताण आला की दोर तुटून चाबकासारखा मागे येतो आणि वाळूतल्या वनस्पती मुळांसकट उखडतात. आधी कडेने खणा आणि वाळू मोकळी करा. मग दाते असलेल्या सुरीने मीटर-मीटरचे तुकडे पाडा. गुळगुळीत पात्याची सुरी वाळूने लगेच बोथट होते. दाताची सुरी बोथट झाली तरी धागा पकडते. शिशाची वजनं असलेली दोरी वेगळी ठेवा. कापण्याआधी प्रत्येक घडी उलगडून बघा, आत खेकडे जिवंत असतात. त्यांना आधी सोडवा, घाई नको.

वाळूच्या टेकाडातल्या वनस्पतींनी मुळं धरलेलं जाळं वाळूच्या पातळीला कापून खालचं तसंच राहू द्या, कारण ते उपटलं तर टेकाडच ढासळतं. पाण्याखाली खडकाला किंवा प्रवाळाला गुंतलेलं जाळं हे प्रशिक्षित पाणबुड्यांचं काम आहे. होडीतून ओढलं तर प्रवाळ मोडतो.

दोर कशाचा आहे कळत नसेल तर बोटभर तुकडा कापून गोड्या पाण्यात दाबून सोडा, आतली हवा निघू द्या. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन वर येतात, नायलॉन बुडतो. नायलॉन वेगळा काढला तर तो घेणारे मिळण्याची शक्यता वाढते. सगळं एकत्र दिलं तर बहुधा कुणीच घेत नाही.

बारीक कणांवर काम करणारी

कारखान्यात वितळवायचे कच्चे दाणे २ ते ५ मिलिमीटरचे असतात, मसुरासारखे, आणि भरतीच्या ओळीत पाचोळ्याखाली दडतात. ते वेचत बसलात तर दिवस संपेल. वरची दोन बोटं वाळू बादलीच्या चौथाईपर्यंत घ्या, समुद्राचं पाणी ओता, ढवळा, वर येईल ते बारीक चाळणीने काढा. दाणे बहुधा पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात म्हणून तरंगतात. पीव्हीसी आणि बाटल्यांचं ‘पेट’ (PET) प्लॅस्टिक बुडतं, ते या रीतीने मिळणार नाही. पाणी ओतून देताना पुन्हा चाळणीतून जाऊ द्या, नाहीतर निम्मं काम वाहून गेलं.

एक कळकळीची विनंती: शेवाळाचा पट्टा दाताळ्याने सरसकट ओढू नका. त्यात किडे असतात, त्यांच्यावर पक्षी जगतात, आणि वारा आणील ती वाळू तिथेच अडते. काही पक्षी कोरड्या वाळूतच अंडी घालतात. वाळूच्या रंगाची असल्याने ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. विणीच्या दिवसांत वरच्या कोरड्या पट्ट्यात शिरूच नका.

नाल्यावर अडसर लावणारा

तरंगता अडसर प्रवाहाला आडवा लावला की पाण्याचा जोर वाढल्यावर कचरा त्याच्या खालून जातो. तिरका लावा, म्हणजे कचरा घसरत एका काठाला येतो आणि तिथूनच काढता येतो. भरतीचं पाणी जिथवर आत शिरतं त्या भागात एकाच बाजूने धरणारा अडसर कुचकामी ठरतो, कारण पाणी उलटं फिरलं की अडवलेलं सगळं मागे सरकतं. जागा त्या भागाच्या वर, उगमाच्या बाजूला निवडा. मोठ्या पावसाआधी अडसर रिकामा झालाच पाहिजे. भरलेला असला तर पहिल्या लोंढ्यात दोर तुटतात आणि साठलेलं सगळं एकदम समुद्रात जातं.

नोंदी ठेवणारी

वजन लिहून फारसं कळत नाही, त्यात ओली वाळूच जास्त असते. नग मोजा. ठरलेला १०० मीटरचा पट्टा घ्या, दोन्ही टोकं कायमच्या खुणेला बांधा, दर वेळी तोच पट्टा आणि वस्तूंची तीच यादी. ‘आंतरराष्ट्रीय किनारा सफाई’ ही मोहीम १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाली तेव्हापासून उचललेल्या वस्तूंची नोंद हा तिचा भागच आहे. कान साफ करायच्या प्लॅस्टिकच्या काड्या वाढल्या तर सांडपाण्याच्या जाळीकडे बघा, कारण त्या शौचालयातून येतात. दोराचे कापलेले छोटे तुकडे वाढले तर मासेमारीची जाळी दुरुस्त होतात त्या धक्क्यावर कचऱ्याचं पिंप हवं. सिगारेटचं थोटूक कागदाच्या रकान्यात टाकू नका, त्याचं फिल्टर प्लॅस्टिकचंच असतं.

थर्माकोलचे गोळे मोजत बसू नका. ‘थोडे, बरेच, पट्टाभर’ एवढं पुरे, आणि वाऱ्याच्या दिवशी ते सगळ्यात आधी उचला.