सहा बायका आणि एक शिवणाचं दुकान: दोन अंकी नाटक बसवतोय, मदत हवी (ठाणे)

शिवणघर_घोडबंदर

नमस्कार. सोसायटीच्या महिला मंडळाचं दोन अंकी नाटक बसवायला घेतलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं लेडीज टेलरचं दुकान आणि रोज दुपारी तिथे जमणाऱ्या सहा जणी. जूनपासून लग्नसराईपर्यंत असे चार प्रवेश आहेत, जागा एकच. संहिता नवी आहे, लेखिका मंडळाबाहेरच्या आहेत. काम करणाऱ्यांची वयं ३४ ते ६८. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या छोट्या प्रेक्षागृहात प्रयोग करायचा विचार आहे. हातात बारा आठवडे आहेत, आठवड्याला तीन तालमी, त्या सोसायटीच्या हॉलमध्ये.

अडचणी अशा: सहाही जणी जवळजवळ पूर्ण वेळ मंचावर असतात आणि हळदीकुंकवाला बसल्यासारख्या एका ओळीत दिसतात. पायमशीन चालू झालं की संवाद बुडतात. दुसऱ्या अंकात एकीच्या आजाराची बातमी येते, तिथे सगळ्याच रडतात आणि प्रवेश चिकट होतो. शिवाय परवानग्या नेमक्या कोणत्या लागतात?

विंगेतून

ओळीत बसण्याचं मूळ बहुतेक तालमीच्या हॉलमध्ये असतं. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून वाचन होतं, वाचनाची तीच बैठक पुढे हालचालींमध्ये शिरते. म्हणून आधी नाट्यगृहात जाऊन मंच मोजून घ्या: पडद्याची रुंदी, खोली, दोन्ही विंगांत मोकळी जागा किती आहे ते. ती मापं हॉलच्या फरशीवर मास्किंग टेपने आखा. हॉल लहान पडत असेल तर रुंदी पूर्ण ठेवा आणि खोलीत तडजोड करा, कारण चुकीच्या रुंदीवर बसवलेल्या हालचाली शेवटच्या आठवड्यात सुधारत नाहीत.

मग तीन उंच्या ठरवा: उभं राहून काम, स्टुलावर बसून काम आणि खाली बसून काम. कापायचं टेबल (साधारण ६ फूट बाय ३ फूट, उंची ३४ ते ३६ इंच) मागे एका बाजूला आणि थोडं तिरकं ठेवा. कापणारी टेबलामागे उभी राहिली की तिचं तोंड आपोआप प्रेक्षकांकडे येतं. मशीन विरुद्ध बाजूला, पुढे, ४५ अंशांत. मशीन सरळ प्रेक्षकांसमोर ठेवलं तर त्याच्या डोक्यामागे हात झाकतात. पूर्ण आडवं ठेवलं तर बाई अख्खा अंक एका गालाने बोलते.

खाली बसणाऱ्यांसाठी मंचाच्या पुढच्या भागात सतरंजी टाकायचा मोह टाळा. मागच्या रांगांना पुढची डोकीच दिसतात. सतरंजी मधोमध, ६ ते ९ इंचांच्या लेव्हलवर (लाकडी चौथऱ्यावर) टाका. आणि ६८ वर्षांच्या ताईंना खाली बसवू नका. बसणं जमतं, पण संवाद म्हणत उठणं जमत नाही आणि त्या क्षणी सगळं लक्ष गुडघ्यांकडे जातं. त्यांना मोडा (वेताचं स्टूल) द्या.

मुख्य गोष्ट मात्र हातातल्या कामाची. या विषयावरची नाटकं मैत्री संवादांतून सांगायला जातात: 'आपण किती वर्षांच्या मैत्रिणी!' प्रेक्षकाला ती दिसते ती एकीने न मागता कात्री पुढे केल्यावर, दुसरीने न बघता घेतल्यावर. म्हणून सहाही जणींना वेगवेगळं काम द्या: एक कापते, एक मशीनवर, एक काज करते, एक हातशिलाई घालते, एक जुनं ब्लाउज उसवते आणि एक काहीच करत नाही, फक्त येऊन बसते. त्या सहावीच्या हातात काम कधी येतं, कोण देतं, हा प्रसंग जपून बसवा.

कामाचा तक्ता करा. संहितेच्या प्रत्येक पानासमोर प्रत्येकीच्या हातात काय आहे, कोणत्या शब्दाला काम सुरू होतं आणि कोणत्या शब्दाला थांबतं. काम थांबणं हाच मोठा इशारा असतो. पाच जणींचे हात चालू आहेत आणि एकीचा थांबला, की प्रेक्षक तिच्याकडे बघतो. तिने मान वर करायचीही गरज नसते. संवाद नसलेल्या बायका एकतर पुतळ्यासारख्या बसतात किंवा प्रत्येक वाक्याला माना डोलावतात. हा तक्ता पाठ झाला की दोन्ही दोष आपोआप कमी होतात.

हा तक्ता पाठांतराबरोबरच सुरू करा, नंतर नाही. संवाद कोरड्या हातांनी पाठ झाले की मागून काम चिकटवल्यासारखं दिसतं. तिसऱ्या आठवड्यापासून खरी कात्री, खरं कापड, खरी सुई.

कापडी_फ्लॅट

मशीनचं उत्तर मशीनमध्येच आहे. बॉबिन भरताना हातचाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करतात, तसा तो सैल करून ठेवा. पायडल मारलं की चाक फिरतं, पण सुईचा दांडा हलत नाही आणि आवाज बराच खाली येतो. जिथे मशीनचा खरा आवाज हवा (असे दोन-तीनच क्षण ठेवा), त्याआधी मशीनवालीने स्क्रू घट्ट करायचा. दोरा ओवण्याच्या निमित्ताने हे सहज होतं. सुई मात्र काढूनच ठेवा. कमी उजेडात, समोर बघत बोलताना बोट सुईखाली जायला वेळ लागत नाही.

तालमीच्या आधी तेल घाला आणि चामडी पट्टा तपासा. पट्टा सैल असेल तर घसरतो, आणि पायडल उलट्या दिशेने फिरून झटका बसतो. पायमशीनची सवय नसलेल्या बाईने पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं रिकामं मशीन चालवावं, मग संवाद. पदर आणि निऱ्या चाकात अडकतात, त्यामुळे चाकावरची जाळी शाबूत असलेलंच मशीन घ्या. जाळी नसेल तर आतून पातळ प्लायची फळी बसवून घ्या.

लिहिलेल्या संहितेला एक नियम लावून बघा: बोलणं सुरू झालं की पाय थांबतो. मशीनवालीचं वाक्य मशीनवर कधीच येत नाही. आवाज बंद पडल्यावरची शांतताही मग बोलते.

ट्रायल रूमचा आरसा प्रेक्षकांकडे तोंड करून लावू नका. पुढचे दिवे त्यात चमकतात आणि प्रेक्षकांना स्वतःची रांग दिसते. रिकामी चौकट चालते, किंवा आरसा प्रेक्षकांच्या बाजूला आहे असं धरून बाईला पुढे येऊन बघू द्या. ब्लाउज अंगाला लावून समोर बघणारी बाई, तिच्या मागे तिला निरखणाऱ्या दोघी: असं चित्र फुकट मिळतं.

चार प्रवेशांसाठी नेपथ्य बदलायची गरज नाही. मागे एक दोरी आणि तिच्यावर हँगर ठेवा. जूनमध्ये शाळेचे गणवेश, श्रावण-भाद्रपदात गौरी-गणपतीची ब्लाउजं, मग दिवाळीची गर्दी (दोरी वाकेल इतके कपडे), शेवटी लग्नाची भरजरी ब्लाउजं. प्रत्येक प्रवेशाचे कपडे आधीच एका काठीला अडकवून विंगेत क्रमाने उभे करा. अंधारात काठी उचलायची, काठी टांगायची. अंधार २० सेकंदांच्या वर गेला तर प्रेक्षकांत गप्पा सुरू होतात.

फ्लॅट (दुकानाच्या भिंती दाखवणाऱ्या सुट्या चौकटी) ८ बाय ४ फुटांचे चार पुरतात. प्लायचे पूर्ण पत्रे लावू नका, उचलताना दमछाक होते. २ बाय १ इंचाच्या पट्ट्यांची चौकट आणि वर कापड, मागे आधाराला तिरकी फळी आणि तळाला वाळूची पिशवी. कापड ताणून मारा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने दुकानाची भिंत हलते. पायमशीनचा बिडाचा सांगाडा जड असतो, टेम्पोतून उतरवायला दोन माणसं वेगळी ठेवा. नाट्यगृहाची तारीख सत्रानुसार मिळते, आधीच्या सत्राचं सामान निघाल्याशिवाय तुमचं आत जात नाही. घोडबंदर रोडची संध्याकाळची कोंडी लक्षात घेऊन टेम्पो दुपारीच हलवा.

तिसरीघंटा

रडण्याबद्दल. त्या प्रवेशात फक्त एकीनेच रडायचं, आणि ती आजारी बाई नसावी. बाकीच्यांचे हात चालू राहू द्यात. एकीला काज पूर्ण करायचंच आहे, कारण संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे.

यात आवाजाचंही कारण आहे. मराठीत क्रियापद आणि 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं. गळा भरला की पहिलं बळी जातं ते वाक्याचं शेपूट. 'डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करायचं नाही' यातलं 'नाही' हुंदक्यात गेलं तर पाचव्या रांगेतल्या माणसाला उलट बातमी कळते आणि पुढची दहा मिनिटं तो चुकीचं नाटक बघतो. तालमीत एक बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी करा, तिने फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मोठ्याने म्हणायचा. जो तिला म्हणता येत नाही तो शब्द बुडालेला आहे.

हसू येणाऱ्या जागांनाही असंच बघा. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलं की प्रवेश गार होतो, हशाच्या ऐन भरात बोललं की वाक्य वाया जातं. हशा उतरायला लागला की बोलायचं. तोवर हातातलं काम आहेच.

सगळ्या एकदम बोलतात अशा जागा असतील तर त्या आपोआप होऊ देऊ नका. पुढचीने कोणत्या शब्दावर शिरायचं तो शब्द संहितेत अधोरेखित करा. एकदम बोलण्यात कथेला लागणारी माहिती कधीही ठेवू नका.

परवानग्या:

लेखिकेची लेखी परवानगी आधी घ्या, त्यात किती प्रयोग, कुठे आणि मानधन किती हे लिहा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण तिकीट लावलं की ती आधार देत नाही. लेखिका हयात आहेत, संपर्कात आहेत, तर सूट शोधण्यापेक्षा परवानगी घेणंच योग्य. संहितेत कापाकापी करायची असेल तर तीही त्यांना विचारून.

संहिता महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. अर्जाबरोबर दिलेलीच संहिता मंचावर यायला हवी, म्हणून कापाकापी त्याआधी संपवा.

पार्श्वसंगीतात सिनेमाची रेकॉर्ड केलेली गाणी वाजवली तर त्यांचा परवाना वेगळा लागतो. तुमच्या विषयाला जात्यावरच्या पारंपरिक ओव्या जास्त शोभतील, आणि त्या सहा जणींनी स्वतः म्हणाव्यात. ओवी परंपरेची असली तरी कुणाचं तयार रेकॉर्डिंग वाजवलं तर त्या रेकॉर्डिंगवर हक्क असतो.

शिवणघर_घोडबंदर

फारच उपयोगी पडतंय, मनापासून आभार. स्क्रू सैल करण्याची युक्ती आज लगेच करून बघतो. दोन प्रश्न उरले. छोट्या प्रेक्षागृहात कॉलर माइक घ्यावेत का? आणि भाषा: संहिता प्रमाण भाषेच्या जवळची आहे, दोघी-तिघी तालमीत टीव्हीवरच्यासारखं गावरान बोलायला लागल्यात.

डिमरबोर्ड_वाशी

छोट्या सभागृहात माइक न घेता जमवा. कॉलर माइक साडीवर लावला की मंगळसूत्र घासतं आणि प्रत्येक हालचालीला खरखर ऐकू येते. मंचाच्या कडेचे माइक बोलण्याआधी पावलं आणि मशीन उचलतात. पुढे वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या मोठ्या ठिकाणी गेलात तर माइक लागतील, तेव्हा मशीन कडेच्या माइकपासून लांब सरकवा. काचेच्या बांगड्या प्रत्येकीला एका हातात दोन पुरेत. सहा जणी भरून बांगड्या घालून कापड झटकायला लागल्या की ओव्या ऐकू येत नाहीत.

प्रकाश: मंचाचे तीन भाग करा (टेबल, सतरंजी, मशीन) आणि प्रत्येकाला समोरून डावी-उजवीकडून दोन दिवे द्या. दुपारसाठी हलका पिवळा. पावसाळ्याच्या प्रवेशात निळा भरू नका, चेहरे आजारी दिसतात. पिवळा थोडा उतरवा, दाराच्या बाजूने एक पांढरा सोडा आणि पावसाचा आवाज पहिल्या वाक्यापूर्वीच खाली आणा.

विंगेतून

भाषेबद्दल: तालुक्याचं गाव आहे, वाडी नाही. सगळ्याच जणी 'हाय-न्हाय' बोलणार नाहीत. शाळेतली बाई प्रमाण बोलेल, फक्त 'कुठे, तिथे' ऐवजी 'कुठं, तिथं'. बाजाराच्या दिवशी खेड्यातून येणारी एखादी 'व्हय' म्हणेल. दुकानवाली गिऱ्हाईक बघून भाषा बदलेल, आणि हा बदल ऐकायला फार गोड लागतो. सातारकडच्या बाईच्या तोंडी 'मी येतो, मी जातो' ही कोल्हापुरी बायकांची धाटणी आली, 'करायलीय' हे मराठवाड्याचं आलं किंवा 'मले-तुले' हे वऱ्हाडी आलं, की त्या त्या भागातल्या माणसाला लगेच खटकतं. ठाण्याच्या प्रेक्षकांत सातारा-कोल्हापूरची माणसं हमखास असतात. ज्यांना त्या भागाची बोली येत नाही त्यांना संहितेतलंच, सुटसुटीत बोलू द्या. लय सांभाळली तरी पुरे.

कपड्यांतही तसंच. दुपारची वेळ आहे, सगळ्या इस्त्रीच्या कॉटन साड्यांत नकोत. शेजारची बाई गाऊनवर ओढणी टाकून येते, ते दाखवा.

कापडी_फ्लॅट

चहाचं राहिलं. तुमच्या नाटकात चहा नक्की असणार. दुधाचा चहा नेऊ नका, साय धरते आणि सांडला तर लग्नाच्या ब्लाउजवर डाग पडतो. कोमट पाण्यात कोऱ्या चहाचा रंग, अर्धा ग्लास. पितानाचा घोट संवादाच्या आधी नको, नंतर. आणि ट्रेमध्ये सहा ग्लास आणत असाल तर शेवटच्या प्रवेशात ट्रे भरताना कोण पाच ठेवते आणि कोण सहावा आणून ठेवते, हे लेखिकेशी बोलून ठरवा.