धाकटा भाऊ बेस जम्पिंगचं सामान घेऊन सोलापूरला येतोय: कायदा, सामान आणि दुखापतींबद्दल सल्ला हवा

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ म्युनिकला नोकरीला आहे. तिकडे विमानातून पॅराशूटने उड्या मारायचा परवाना काढलाय, उड्या अजून शंभरच्या आत आहेत. आता बेस जम्पिंगचं खूळ डोक्यात शिरलंय, म्हणजे इमारत, मनोरा, पूल नाहीतर कडा यावरून उडी. संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, घरी येतोय आणि येताना कुणाचं तरी वापरलेलं पॅराशूट विकत घेऊन आणणार आहे. त्याच्या शाळेतल्या मित्राने इथे एक मनोरा हेरून ठेवलाय. म्हणे, "आपल्याकडे कोण विचारतंय, पहाटे पाचला जाऊ, उजाडायच्या आत उरकू." मनोरा नाहीच जमला तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. आईला सांगून ठेवलंय की पॅराग्लायडिंगसारखंच असतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कायद्याने काय होऊ शकतं? वापरलेल्या सामानात काय बघायचं? आणि लागलं तर काय लागतं, विमा मिळतो का? "जाऊ देऊ नका" हा सल्ला कृपया नको. तो घरातल्या प्रत्येकाने देऊन झालाय.

शेंगाचटणी
सोलापुरात उडी मारण्याजोगी एक साखर कारखान्याची चिमणी होती बे, ती पण विमानाला आडवी येते म्हणून जून 2023 मध्ये पाडली. आता विमानं यायला लागलीत, त्यातूनच उडी मार म्हणावं.

स्नेक_नदीकाठी
मी मूळचा पंढरपूरचा, सध्या आयडाहोत. इथल्या ट्विन फॉल्सच्या पेरीन पुलावरून उड्या मारतो, त्यामुळे सामानाबद्दल लिहितो.

आधी तो मनोरा. किती उंच आहे? मोबाइलचा असेल तर 50 मीटरच्या आसपास धरू. पडणारा माणूस पहिल्या सेकंदात 5 मीटर खाली येतो, दुसऱ्याच्या शेवटी 20 आणि तिसऱ्याच्या शेवटी 44. म्हणजे 50 मीटरवरून तीन सेकंद मोकळं पडलं की हिशेब संपला. विमानातून उडी मारणाऱ्याला छत्री उघडून, ती नीट आहे का बघून, नसेल तर कापून राखीव पॅराशूट काढायला वेळ असतो. बेसमध्ये राखीव नसतंच, कारण ते उघडायला उंचीच उरत नाही. एकच छत्री, ती पण स्वतः घडी घातलेली. शंभराच्या आतल्या उड्यांवर भावाला जो आत्मविश्वास आलाय तो दोन पॅराशूटवरचा आहे, हे त्याला असंच सांगा.

दुसरं, मनोऱ्याला ताणाच्या तारा आहेत का? पहाटे पाचला त्या दिसत नाहीत. छत्री उघडताना तोंड फिरलं तर माणूस पुढे जायच्या ऐवजी मागे, मनोऱ्याकडेच येतो. विमानातून उडी मारताना छत्री उलट्या दिशेला उघडली तरी काही बिघडत नाही, आभाळ मोकळं असतं. इथे मागे लोखंड किंवा दगड असतो आणि मागचे पट्टे ओढून वळवायला जेमतेम एखाद-दोन सेकंद. बेसमध्ये माणसं मरतात त्यातला मोठा भाग या आपटण्याचा आहे.

आता वापरलेलं सामान. पहिला प्रश्न: ते मुळात बेसचं आहे का? विमानातल्या उड्यांची लहान, वेगवान छत्री कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर विषय तिथेच संपला. बेसची छत्री सात कप्प्यांची आणि मोठी असते, 75 किलोच्या माणसाला 240-260 चौरस फुटांच्या घरात, म्हणजे हळू उतरते आणि कमी जागेत थांबते. दुसरं, छोटं पायलट शूट, जे हाताने हवेत फेकतात आणि जे मोठ्या छत्रीला ओढून काढतं, त्याचे किती आकार मिळतायत? लांब पडायचं तर 32 ते 36 इंची, लगेच उघडायचं तर 42 ते 48 इंची. विकणारा एकच आकार देऊन "सगळीकडे चालतं" म्हणाला तर तो माणूस विश्वासाचा नाही. स्लायडर म्हणून एक चौकोनी कापड असतं, उघडताना बसणारा झटका ते कमी करतं. कमी उंचीवर ते काढून ठेवतात, आणि मग दोऱ्यांची मांडणी बदलते, नाहीतर एखादी दोरी छत्रीच्या वरून जाऊन अडकते. हे फोटो बघून शिकायचं काम नाही.

कापड हातात घेऊन बघा. ब्रेकच्या दोऱ्या जिथे कडीतून जातात तिथे झिजून केसाळ झाल्यात का, कापडावर गंजाचे ठिपके आहेत का, छत्री कधी खाऱ्या पाण्यात पडली होती का. मधल्या कप्प्याचं वरचं कापड तोंडाला लावून जोरात फुंका. जुन्या कापडातून हवा सरळ आरपार जाते, अशी छत्री उघडायला वेळ घेते आणि उतरताना धपकन बसते.

अ‍ॅड_रेल्वेलाइन्स
"आपल्याकडे कोण विचारतंय" या वाक्यावर आमची निम्मी वकिली चालते, त्यामुळे मित्राचे आभार.

बेस जम्पिंग या नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. विमानातून पॅराशूटने उतरण्याबद्दल विमान वाहतुकीच्या नियमांत तरतूद आहे, मनोऱ्यावरून उडीबद्दल नाही. पण पोलीस रिकाम्या हाताने परत जात नाहीत. दुसऱ्याच्या कुंपणात शिरलात की भारतीय न्याय संहितेचं कलम 329, अतिक्रमण: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात हेतू सिद्ध करावा लागतो आणि तिथे वकील भांडू शकतो, पण भांडण कोर्टात होतं, ठाण्यात नाही. खाली कुणाच्या जिवाला धोका झाला तर कलम 125, कुणाला गंभीर इजा झाली तर त्यातच तीन वर्षांपर्यंत. मनोऱ्याचं काही तुटलं तर नुकसानीचा दावा वेगळा.

सगळ्यात वाईट शक्यतेबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते. भाऊ गेला तर अकस्मात मृत्यूची चौकशी होते आणि "मनोरा कुणी दाखवला, वर कोण होतं, गाडी कुणाची" असे प्रश्न निघतात. कलम 106, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. ते लागू होईलच असं नाही, पण शाळेतल्या मित्राला जामीन शोधायची वेळ येऊ शकते. त्याला हे वाचायला द्या. भावाची नोकरी परदेशात आहे, इथे गुन्हा दाखल झाला की पासपोर्टच्या नूतनीकरणात तो पुढे येतो.

आणि उजाडल्यावर मनोऱ्यावर माणूस दिसला की लोक आत्महत्या समजून 112 ला फोन करतात. मग खाली अग्निशमनची गाडी, पोलीस आणि दोनशे मोबाइल. फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाच्या चिमणीचा कुणी विचारही करू नये, तिथला पहारा मजेचा नाही.

स्नेक_नदीकाठी
वकीलबाईंच्या मुद्द्याला जोडून. इकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत या उडीवर बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सामान जप्त. योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावर 1980 मध्ये थोडे दिवस रीतसर परवाने दिले होते, मग बंद केले. त्यानंतर लोक चोरून उडी मारायला लागले, म्हणजे अंधुक उजेडात, घाईत. जून 1999 मध्ये फ्रँक गॅम्बाली नावाचा जम्पर त्या कड्यावरून सुखरूप उतरला आणि उद्यानाच्या रेंजरपासून (रक्षकांपासून) पळताना मर्सेड नदीत बुडाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंदीच्या निषेधार्थ जाहीर उड्या झाल्या. सामान जप्त होणार म्हणून जॅन डेव्हिस या बाईने स्वतःचं न वापरता दुसऱ्याचं घेतलं. त्यात पायलट शूटची जागा सवयीची नव्हती, पॅराशूट उघडलंच नाही. नवरा खालून चित्रण करत होता.

मी हे का सांगतोय? भावाच्या बेतात अंधार आहे, घाई आहे आणि दुसऱ्याचं सामान आहे. तिन्ही गोष्टी पकडले जाऊ या भीतीपोटी आल्यात. जिथे परवानगी आहे तिथे माणूस वारा बघून तीन तास कठड्यावर बसून राहतो आणि नाही पटलं तर उतरून जेवायला जातो. पेरीन पूल 148 मीटर उंच आहे, वर्षभर उडी मारता येते, परवाना लागत नाही, खाली नदी. स्वित्झर्लंडचं लाउटरब्रुनेन आणि नॉर्वेतला शेराग कडा, दोन्हीकडे कायदेशीर आहे. त्याच नॉर्वेत ट्रोलव्हेगेन कड्यावर 1986 पासून बंदी आहे. या खेळाचं नाव ज्याने रूढ केलं तो कार्ल बोनिश 1984 मध्ये तिथेच उडी मारताना मेला.

प्लास्टरवाला
हाडांचा डॉक्टर आहे, विजापूर रोडला बसतो. आमच्याकडे बेस जम्पर येत नाहीत, पण स्लॅबवरून, विहिरीत आणि नारळाच्या झाडावरून पडलेले भरपूर येतात. पायावर पडलेल्या माणसाची हाडं सगळीकडे सारखीच मोडतात.

पहिलं जातं टाचेचं हाड. वरून वजन आणि खालून जमीन, अंड्यासारखं चिरडतं. घोट्याच्या वरचा नडगीचा सांधा फुटतो, तिथे प्लेट बसवली तरी पुढे संधिवात ठरलेला. तोच धक्का वर जाऊन कमरेच्या वरच्या भागातला मणका, बहुतेक पहिला लंबर किंवा बारावा पाठीचा, दाबून फोडतो. म्हणून उंचावरून पडून टाच मोडलेल्या माणसाला "पाठ दुखत नाही" म्हणाला तरी मणक्याचं चित्र काढल्याशिवाय आम्ही सोडत नाही; अशा दहातल्या एकाला मणक्याचं फ्रॅक्चर निघतं. कड्यावर आपटलेल्यांचं वेगळं: मांडी, कंबरेचं हाड, छाती, डोकं. मांडीच्या एका हाडात लिटरभर रक्त आतल्या आत जातं.

शेराग कड्यावरच्या 1995 ते 2005 मधल्या 20,850 उड्यांचा अभ्यास आहे. 9 मृत्यू आणि 82 जखमी. म्हणजे साधारण 254 उड्यांना एक जखमी आणि 2,317 उड्यांना एक मृत्यू. वाचलेल्यांत घोटे मुरगळणं, मोडणं, गुडघ्याला मार, डोक्याला हलका धक्का असंच जास्त. पण हे हजार मीटर उंच कड्याचे आकडे आहेत, मोबाइल मनोऱ्याचे नव्हेत.

मित्राला एक सांगा: पडलेल्याला "चल ऊठ, गाडीत बसवू" करत बगलेत धरून उचलायचं नाही. मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून चौघांनी फळीवर घ्यायचं, 108 बोलवायची. आणि दवाखान्यात खोटं सांगू नका. "जिन्यावरून पडला" म्हणालात तर आम्ही जिन्याच्या हिशेबाने तपासतो. पोलिसांना कळवणं आम्हाला भागच आहे, ते खोटं बोलून टळत नाही.

गडकोट_भटक्या
कोकणकड्याबद्दल. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय असला प्रकार केला तर वन्यजीव कायदा लागतो. बेकायदा सोडा, कडा आतल्या बाजूला वाटीसारखा वळलेला आहे आणि कोकणातून वर येणारा वारा दुपारनंतर टोपी परत वर फेकतो. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, त्याच वाऱ्यात छत्री उघडायची! खाली बेलपाड्याच्या बाजूला दगडधोंडे आणि जंगल. मोकळं मैदान नाही. कड्याच्या मध्ये कुणी लटकला तर बचाव पथकाला पोचायलाच अर्धा दिवस जातो, तोपर्यंत हार्नेसमध्ये लोंबकळून पायातलं रक्त पायातच साचतं.

हिमालयात या उड्या झाल्यात. 2006 मध्ये ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वान यांनी मेरू शिखरावरून, 2012 मध्ये व्हॅलेरी रोझोव्हने शिवलिंगवरून. त्या मोहिमा होत्या, पहाटे पाचचा उद्योग नव्हता. रोझोव्ह 2017 मध्ये नेपाळच्या आमा दब्लम शिखरावरून उडी मारताना मेला, इतका अनुभव असून.

विमेकरी_नवी_पेठ
विम्याचं कुणी बोललं नाही म्हणून. आरोग्य विम्यातलं प्रमाणित अपवादाचं कलम व्यावसायिक म्हणून साहसी खेळ खेळणाऱ्यांसाठी आहे, त्यात पॅरा-जम्पिंगचा उल्लेख आहे. हौशी माणूस त्यात येत नाही असा युक्तिवाद करता येतो, पण कंपनी दावा अडवून धरणार हे धरून चाला. अपघात विम्यात अपवाद बहुधा जास्त कडक असतात, पॉलिसी उघडून वाचा. आयुर्विमा घेताना "धोकादायक छंद आहे का" याला "नाही" लिहिलं असेल तर पहिल्या तीन वर्षांत तेच कारण दाखवून दावा नाकारता येतो.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे आभार. रात्री भावाला धागा पाठवला. पायलट शूटचे आकार विचारले तर म्हणाला "एकच आहे, 36 इंची". मग मनोऱ्याची उंची विचारली, तर मित्राला अंदाजे "पंधरा मजले" माहीत. अर्धा तास फोनवर गप्प. वकीलबाईंचं मित्राबद्दलचं वाचून मात्र मित्राचाच मला फोन आला, त्याला आता गाडी द्यायची नाही!
तर विचारतो, पेरीन पुलावर रीतसर शिकवतात का? आणि किती उड्या झाल्यावर जावं?

शेंगाचटणी
36 इंची छत्रीवर पंधरा मजले. लै भारी. गड्ड्यात मौत का कुआंवाले तरी आधी सराव करतात.

स्नेक_नदीकाठी
36 इंची लांब पडण्यासाठी आहे, त्या मनोऱ्यावर ती मोठी छत्री ओढून काढायच्या आत जमीन येईल. ते सामान घेऊ नका. घेतलं असेल तर म्युनिकमध्येच जाणकाराकडून तपासून घ्या.

हो, इथे पहिल्या उडीचे कोर्स चालतात. शिकवणारे साधारण 150 ते 200 विमानातल्या उड्या झालेल्या असाव्यात असं म्हणतात, आणि आकड्यापेक्षा छत्री ठरलेल्या जागी उतरवता येते का हे जास्त बघतात. भावाने राहिलेल्या उड्या तिकडेच पूर्ण कराव्यात, त्यातल्या निम्म्या मोठ्या सात कप्प्यांच्या छत्रीवर, अचूक उतरायचा सराव म्हणून. सुट्टीत हात शिवशिवले तर हरियाणात नारनौलला विमानातून उडी मारता येते, निघण्याआधी चौकशी करा. इथे येणार असेल तर वारा सकाळी शांत असतो, कोर्स तेव्हाच घेतात. घोट्यापर्यंतचे बूट, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड स्वतःचे आणावेत, आणि उडी झाल्यावर नदीकाठावरून वर चालत यायची तयारी ठेवावी. दरी खोल आहे, तिथे रिक्षा नाही.