शॉर्टफिल्ममधलं स्टॉप-मोशन: धक्के दिसले तर बिघडतं कुठे?

चिंचगूळ
मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी बहिणींनी जेवणाच्या टेबलावर एक स्टॉप-मोशन शॉर्टफिल्म केली, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवून दर वेळी एक फोटो काढायचा आणि ते फोटो सलग दाखवायचे. कणकेचा गोळा परातीतून पळून जातो, एवढीच गोष्ट. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे ४० सेकंदांना ४८०. पहिल्या दिवशी खिडकीतलं ऊन सरकत गेलं आणि सगळे फोटो वाया. मग खिडकीला गोधडी लावली, टेबललॅम्पवर भागवलं, मोबाइलचं एक्सपोजर लॉक केलं, म्हणजे फोटो आपोआप कमी-जास्त उजळ होत नाही. कणीक वाळून भेगाळली की पाण्याचा हात लावून पुन्हा मळायची. तीनशेव्या फोटोच्या आसपास आईचा धक्का टेबलाला लागला आणि गोळा जागचा हलला. कॉलेजात फिल्म दाखवली तर नेमक्या त्याच जागी मुली ओरडल्या, "अगं, दचकला तो!"

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. छोट्या फिल्ममध्ये संगणकावर केलेल्या राक्षसापेक्षा हाताने कणाकणाने सरकवलेला राक्षस जास्त जिवंत वाटतो, कारण तो खरोखर तिथे असतो. त्याच्यावर पडलेला उजेड खरा, अंगावरचे बोटांचे ठसेही खरे. ते पुसत बसू नये.

रात्रपाळी
असहमत. मी व्हीएफएक्समध्येच, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवण्याचं काम करतो. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये काँग या महाकाय वानराची लव सारखी सळसळते. वारा नाही काही. दर फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी, बाहुली हलवताना बोटं लागायची, म्हणून. ती बाहुली चालवणाऱ्या विलिस ओब्रायन आणि मंडळींनी ते मुद्दाम केलं नव्हतं. ही माणसं आयुष्यभर हालचाल सफाईदार व्हावी म्हणूनच झटली. १९८१ च्या 'ड्रॅगनस्लेयर'साठी फिल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गो-मोशन वापरलं. त्यात कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच बाहुली किंचित हलवतात, म्हणजे फ्रेम जराशी पुसट येते आणि धक्का जातो. उस्तादांना जी उणीव वाटत होती, तिला आपण शैली म्हणायचं? गोष्टीत दम नसला की "सगळं हाताने केलंय" हे पुढे केलं जातं, याचा मला खरंच राग येतो. प्रेक्षकाने मेहनतीचे मार्क का द्यावेत?

चिंचगूळ
मार्क नकोतच. त्या मुलींना आईच्या धक्क्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त गोळा दिसला.

अबोली
तुम्ही दोघं हालचालीवर भांडताय. मला वाटतं, खरी गंमत वस्तू कोणती निवडली यात आहे. पेस या दिग्दर्शकाची 'फ्रेश ग्वाकामोले' ही स्टॉप-मोशन फिल्म बघा, ग्वाकामोले म्हणजे अवोकाडोची चटणी. २०१२ ची, दोन मिनिटांचीसुद्धा नाही, तरी ऑस्करच्या नामांकनात होती. अवोकाडोच्या जागी हातबॉम्ब. सुरी फिरते, तो दुभंगतो आणि आत मऊ हिरवा गर! पुढे सुरीखाली फोडींऐवजी फासे पडतात. लोखंड असं कापलं जात नाही हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणूनच अंगावर काटा येतो.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी हेच ओळखलं होतं. 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या. त्याआधी, 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं करायचं होतं तेव्हा, कुंडीतला वाटाणा थोडा थोडा चित्रित करून 'अंकुराची वाढ' दाखवली. महागडा सेट नाही की काही नाही. घरातली वस्तू आणि चिकाटी.

रात्रपाळी
वाटाणा तर माझ्या बाजूचा! तो आपला आपण वाढत होता, त्याला कुणी सरकवलं नव्हतं. हातबॉम्बचं मात्र मान्य. पण त्यामुळेच चिंचगूळ यांचा मुद्दा पडतो. कणीक आपण रोज हाताळतो, राक्षस कुणी हाताळलाय? तो कसा चालतो ते मला फिल्मनेच पटवायला हवं. तिथे धक्का दिसला की मी गोष्टीतून बाहेर फेकला जातो.

चिंचगूळ
राक्षसाचं वाक्य मागे घेते. घाईत लिहिलं होतं, आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे.

काँगच्या लवेबद्दल मात्र नाही. मुद्दाम केलेली नसेल, पण मी पाहिलं तेव्हा मला तो चिडलेला वाटला, अंगावरचे केस फुलवलेलं जनावर असतं ना, तसा. उस्तादांनी ती सळसळ काढून टाकली असती तर माझ्यापुरता तो काँग थोडा कमी झाला असता.

पुढची फिल्म शेवयांची करतोय. वाळक्याच घेणार, म्हणजे भेगांचा प्रश्न नाही. रात्रपाळी, एक विचारायचं होतं: एक्सपोजर लॉक करूनही लॅम्पचा उजेड मधेच लुकलुकतो. तो शूटच्या वेळीच कसा थांबवायचा?

रात्रपाळी
एलईडी आहे का? डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर आधी तो काढा. आणि मोबाइलचा व्हाइट बॅलन्सही लॉक करा, तो ऑटोवर असेल तर रंग बदलत राहतो. शेवयांची फिल्म झाली की इथेच टाका.