स्विफ्ट १.३ डिझेल: इंजेक्टर चारही बदलायचे की एखादाच?

सह्याद्रीकर
गाडी २०१३ ची स्विफ्ट डिझेल, १२४८ सीसी, १ लाख ४२ हजार किमी. आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन गदगदतं, बारीक खटखट येते. सकाळी पटकन उठते, पण तापलेली गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. ॲव्हरेज २० वरून १६ वर आलंय. सिग्नलला थांबलं की केबिनमध्ये धुराचा वास येतो. चेक लाइट नाही.
स्कॅनरवर आयडलचं सिलिंडर करेक्शन (कुठल्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त दिलं जातंय): १ नंबर −०.९, २ नंबर −०.६, ३ नंबर +२.९, ४ नंबर −१.४. आयडलला रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) स्थिर आहे. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) नवीन टाका. नेमका कुठला खराब आहे ते कसं ओळखायचं? आणि दुरुस्त केलेला टिकतो का?

पंपनोझल
चारही बदलायची घाई करू नका, दादा. करेक्शनचे आकडे आधी नीट वाचा. चारींची बेरीज शून्य येते, कारण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एका सिलिंडरला डिझेल वाढवतो तेव्हा बाकीच्यांचं तेवढंच कमी करतो. +२.९ चा अर्थ इतकाच की ३ नंबरचा सिलिंडर ताकदीला कमी पडतोय. कारण इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) असेल किंवा इंजेक्टरखालचा कॉपर वॉशर लीक असेल. निव्वळ या आकड्यावर इंजेक्टर बाद करणं चूक आहे.

गरम असताना उशिरा स्टार्ट होणं हे मात्र बोलकं लक्षण आहे. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आतून तापवणारे) गेले असते तर सकाळी त्रास झाला असता. तापलेलं डिझेल पातळ होतं, आणि इंजेक्टरच्या आतला कंट्रोल व्हॉल्व्ह झिजला असेल तर ते रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) पळतं. रेलमध्ये साधारण १५० ते २०० बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून नुसता स्टार्टर फिरत राहतो. गरम इंजिनवर स्टार्टर मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. रखडत चढत असेल तर संशय पक्का.

आता रिटर्न टेस्ट करा. इंजिन गरम करून बंद करा. चारही इंजेक्टरवरची रिटर्नची क्लिप हलक्या हाताने काढा, जुनं प्लॅस्टिक पटकन मोडतं. प्रत्येकाला सारख्या लांबीची पारदर्शक नळी लावून मापाच्या बाटलीत सोडा. मूळ रिटर्न पाइपचं तोंड बंद करायला विसरू नका. ३ मिनिटं आयडलला चालवा आणि चारी बाटल्या शेजारी ठेवून मोजा. एकमेकांच्या आसपास असतील तर ठीक, एखादा इतरांच्या दुप्पट-तिप्पट असेल तर तो काढायचा. ही पद्धत तुमच्या सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरसाठी आहे. पिएझो (विजेने फुगणाऱ्या स्फटिकावर चालणारे) इंजेक्टरवाल्या गाड्यांत रिटर्नला ठरावीक दाब लागतो, तिथे अशी उघडी नळी चालत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: जुन्या इंजिनांसारखं चालू गाडीत पाइपचा नट ढिला करून मिसिंग शोधू नका. या रेलमध्ये १६०० बारपर्यंत दाब जातो. तो फवारा कातडीतून आत शिरतो, वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतलं मांस सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. सिलिंडर बंद करून बघायचा असेल तर स्कॅनरवरून करा.

काळी_टोपी
केबिनमधल्या वासाकडे दुर्लक्ष करू नका. इंजिनवरचं कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा. डांबरासारखा काळा, कडक थर दिसला तर कॉपर वॉशर गेलाय. खात्रीसाठी तिथे साबणाचं पाणी टाकून आयडलला चालवा. बुडबुडे आणि "फुस-फुस" असा ताल लगेच कळतो. कॉम्प्रेशन तिथून निसटतं, म्हणून करेक्शनही प्लसमध्ये जाऊ शकतं.

सह्याद्रीकर
दोन्ही करून बघितलं. ३ मिनिटांचं रिटर्न: १ नंबर १४ मिली, २ नंबर १६, ३ नंबर १५, ४ नंबर ५२. आणि साबणाचे बुडबुडे ३ नंबरला! म्हणजे ज्याचं करेक्शन जास्त, त्याचं रिटर्न चांगलं. आता काय समजायचं?

पंपनोझल
दोन वेगळे दोष आहेत. ४ नंबरचा कंट्रोल व्हॉल्व्ह गेलाय, गरम स्टार्टचा त्रास त्याचा. ३ नंबरचा वॉशर गेलाय, वास आणि बहुतेक गदगद त्याची. १ आणि २ ला हात लावू नका.

काढताना आदल्या रात्री बुडाशी पेनेट्रेटिंग ऑइल सोडा, इंजिन कोमट असताना पुलरने सरळ वर ओढा. सोलेनॉइडच्या डोक्याखाली पाना घालून उचकटलं की चांगला इंजेक्टरही भंगारात. बाहेर आल्यावर जुना वॉशर नोझलला चिकटून आलाय ना, हे पाहा. तो भोकातच राहिला आणि वर नवा बसला तर इंजेक्टर वॉशरच्या जाडीएवढा उंच राहतो, फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही, धूर सुटतो.

३ नंबरची सीट (वॉशर टेकतो ती जागा) साफ करण्यावरच सगळं अवलंबून आहे. तळाच्या नोझलच्या भोकात ग्रीस लावलेला कापडाचा बोळा घाला, म्हणजे कार्बन सिलिंडरमध्ये पडणार नाही. सीट कटर हातानेच, हलक्या दाबाने फिरवा; पूर्ण गोल एकसारखा चमकला की थांबा. व्हॅक्यूमने कचरा ओढा, मग बोळा काढा. नवा वॉशर जुन्याच्याच जाडीचा, क्लॅम्पचा बोल्ट नवा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. अंदाजाने आवळलेला क्लॅम्प काही महिन्यांत परत फुसफुसतो.

४ नंबर टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलवाल्याकडे द्या. आत मायक्रॉनच्या हिशेबाच्या शिम (पातळ चकत्या) असतात, त्यामुळे साध्या गॅरेजच्या टेबलावर तो उघडू देऊ नका. व्हॉल्व्ह सेट आणि गरज असल्यास नोझल, दोन्ही मूळ कंपनीचं बसवून घ्या. फुल लोड, एमिशन, आयडल आणि पायलट (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) या चारही टप्प्यांचा आणि रिटर्नचा छापील रिपोर्ट मागा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. असं काम झालं तर सहसा टिकतं. रिपोर्ट द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.

डिझेलमास्तर
भर घालतो. व्हॉल्व्ह झिजला कशाने ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओता. तळाला पाण्याचा थेंब असेल तर फिल्टर बदला, टाकी साफ करा. चंदेरी चकाकी दिसली तर तो हाय प्रेशर पंपाचा चुरा. अशा वेळी पंप, रेल, पाइप, टाकी सगळं बघावं लागतं, नाहीतर दुरुस्त केलेला इंजेक्टरही लवकरच परत जातो. टाकीत ओतायच्या क्लीनरने नोझलच्या तोंडचा कार्बन थोडाफार निघतो, व्हॉल्व्हची झिजलेली सीट भरून येत नाही.

बसवताना ३ आणि ४ ची अदलाबदल होऊ देऊ नका, प्रत्येकाचा कोड (त्या इंजेक्टरचं माप सांगणारा) ईसीयूमध्ये त्याच्या सिलिंडरच्या नावावर असतो. बेंचवरून ४ चा नवा कोड मिळाला तर तो टाकून घ्या. पाइप बसवताना टोकाचा शंकूसारखा भाग बघा, चरा असेल तर पाइप नवा घ्या. आधी प्राइम करून हवा काढा, मग स्टार्टर दहा सेकंदांच्या वर एका दमात मारू नका. चालू झाल्यावर जोडांजवळ पुठ्ठा धरून गळती तपासा, बोट अजिबात नको. गरम झाल्यावर रिटर्न आणि करेक्शन परत मोजा. ३ नंबर अजूनही +२ च्या वर राहिला तर कॉम्प्रेशन टेस्टला न्या.