घरी कॉफी भाजताना: तुमचे अनुभव सांगा

टिळकवाडीतल्या आमच्या घरात पहिल्यापासून चहाच. शेजारच्या कानडी काकूंनी पितळी फिल्टर दिला (वरच्या भोकांच्या भांड्यात पूड आणि गरम पाणी, खालच्या भांड्यात कॉफीचा काढा उतरतो) आणि कॉफी घरात शिरली. मग भावानं चिकमगळूरहून कच्च्या बिया आणल्या, तेव्हापासून भाजणंही घरीच.

पहिल्या खेपेला मी नुसता रंग बघत बसले आणि तिथंच चुकले. कॉफी कानानं भाजायची असते. लोखंडी कढईत 100 ग्रॅम बिया, मध्यम आच, उलथणं एक क्षण थांबवायचं नाही. हिरवट दाणे पिवळे होतात, ओल्या गवताचा वास जाऊन भाजक्या पावाचा येतो. आणि मग लाह्या फुटाव्यात तशी तडतड! आतल्या वाफेनं दाणा फुटतो तो आवाज. ती ओसरली की मी मिनिटभरात उतरवते. थांबलात तर बारीक चुरचुर सुरू होते, दाण्याला तेल सुटतं, कॉफी कडूजहर. 100 ग्रॅमचे शेवटी 85 च्या आसपास राहतात, त्यामुळं वजन कमी भरलं म्हणून घाबरू नका.

तुम्ही कसं करता? फसलेलंही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

*शहापूर, बेळगाव*
गॅस बंद केला म्हणजे झालं असं समजून मी दाणे कढईतच ठेवले. पाच मिनिटांनी बघते तर काळेकुट्ट. कढई तापलेली, दाणेही आतून भाजतच राहतात. आता लगेच सुपात ओतते आणि गच्चीवर जाऊन पाखडते. आई तांदूळ पाखडायची तेच सूप. वाऱ्यावर पापुद्रे उडून जातात, दाणे झटक्यात निवतात. सासूबाई अजून मागं उभ्या राहून सांगतात, "हळू गे, सांडतील की!"

*खानापूर*
आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी किलोभर कच्च्या बिया गोणपाटात ठेवल्या होत्या. श्रावणात उघडून बघतो तर पांढरी बुरशी आणि कुबट वास. भाजल्यावर जाईल असं घरचे म्हणाले, पण मी सगळं टाकून दिलं. बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही. आता पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा वापरतो आणि पावसाळ्यात थोड्याच बिया आणतो.

*निपाणी*
एकच सांगते. मसाल्याच्या भांड्यात कॉफी दळू नका. घासूनपुसून घेतलं होतं, तरी आठवडाभर कॉफीला लवंगेचा वास.

*चिकोडी*
भाजल्या भाजल्या दळून फिल्टर लावला, तर गरम पाणी ओतताच पूड फुगून वर आली आणि खाली उतरलं ते पाण्यासारखं पातळ. ताज्या दाण्यात भाजताना तयार झालेला वायू अडकलेला असतो, तो पाण्याला पुडीत मुरू देत नाही. दोन दिवस थांबून दळलं, तेव्हा काढा दाट उतरला.

बाबांना मात्र 80 ला 20 चिकोरी लागतेच. ती कासनीच्या मुळांची भाजलेली पूड. तिच्यात कॅफीन नसतं, पण रंग आणि दाटपणा देते. रात्री निजण्याआधी ते स्वतः फिल्टर भरतात, चकती हलक्या हातानं दाबतात आणि झाकण लावून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवतात. सकाळी खालचं भांडं काठोकाठ भरलेलं असतं.