मदत हवी आहे: जेंटू अपडेट करताना क्यूटी-वेबइंजिन मध्येच मरतंय

खिडकी_नको:
नमस्कार मंडळी. लाइट गेली आहे, मोबाइलवरून मराठी कळफलकाने लिहितोय, त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीत दिसतील. सांभाळून घ्या.

८ जीबी रॅम, ४ कोर, ८ थ्रेडचा म्हातारा लॅपटॉप. त्यावर दोन वर्षं जेंटू (बहुतेक सगळं सोर्सपासून घरीच कंपाइल करायला लावणारं लिनक्स), डेस्कटॉप केडीई. मध्ये डेक्कनवरून धायरीला बिऱ्हाड हलवलं आणि सात महिने अपडेटला हात लागला नाही. परवा हिय्या करून 'इमर्ज --सिंक' मारलं, मग 'इमर्ज --आस्क --अपडेट --डीप --न्यूयूज @वर्ल्ड'. ३१२ पॅकेजं! जीसीसी, एलएलव्हीएम कुरकुरत का होईना, झाले. क्यूटी-वेबइंजिनने (ॲपमध्ये वेबपानं दाखवणारा घटक) मात्र दोनदा मान टाकली. एकदा साडेपाच तासांनी, दुसऱ्यांदा तीन तासांतच. शेवटी ही ओळ:

फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस

तापतोय असं वाटलं म्हणून लॅपटॉपखाली दोन वाट्या उपड्या घातल्या, वर टेबलफॅन सोडला. आई मध्यरात्री उठून आली, "मिक्सर कोणी चालू ठेवलाय?" म्हणून. एरर तीच.

मेकऑप्ट्स -जे९ आहे, म्हणजे एका वेळी नऊ कंपाइल जॉब (थ्रेड अधिक एक, कुठल्याशा जुन्या गाइडात वाचलेलं). एसएसडी झिजू नये म्हणून /व्हार/टीएमपी/पोर्टेज (कंपाइलची जागा) टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या डिस्कवर, साइज १२ जीबी. स्वॅप नाही. तिसरा प्रयत्न चालू होता तर आज गुरुवार, सकाळीच लाइट गेली. बॅटरी पाच मिनिटंही टिकत नाही.

हे तापण्यामुळेच होतंय का? आणि लाइट गेली की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायची का?

पेठेतला_पेंग्विन:
लिनक्स मिंट टाका आणि झोपा. दुपारी १ ते ४ तर नक्कीच झोपा.

खिडकी_नको:
मिंट बाबांच्या मशीनवर आहे. तिथे विचारण्यासारखं कधी काही घडतच नाही.

जुनं_खोड:
तापण्याचा संबंध नाही. तापला असता तर अख्खं मशीन धाडकन बंद पडलं असतं. इथे फक्त कंपायलर मेलाय, म्हणजे कर्नलने त्याला मारलाय. लाइट आली की /व्हार/लॉग/मेसेजेस उघडून 'आउट ऑफ मेमरी' शोधा. (डीमेसेजमध्ये आता काही मिळणार नाही, रीबूट झालं की ते कोरं.)

८ जीबीच्या मशीनवर १२ जीबीचा टीएमपीएफएस तुम्हाला कोणी सांगितला? तो आकडा नुसती मर्यादा असते, जागा रॅममधूनच जाते. वेबइंजिन म्हणजे जवळजवळ अख्खं क्रोमियम. कंपाइल होत जाईल तशा ऑब्जेक्ट फाइली साठत जातात, सगळ्या तुमच्या रॅममध्ये. स्वॅप नाही म्हणजे बाहेर काढून ठेवायलाही जागा नाही. वर नऊ जॉब. सी++ ला जॉबमागे २ जीबी धरायची पद्धत आहे, त्या हिशेबाने तुम्हाला जास्तीत जास्त ४, आणि केडीई चालू असेल तर ३. दुसऱ्यांदा लवकर मेलं तेव्हा ब्राउझर उघडा होता ना?

खिडकी_नको:
होता. हाच धागा आधी कोणी काढलाय का ते शोधत होतो.

जुनं_खोड:
मग झालं. टीएमपीएफएसची ओळ एफएसटॅबमधून (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती फाइल) काढा, ८ जीबीची स्वॅप फाइल करा, -जे३ ठेवा. फक्त वेबइंजिनसाठी पॅकेज.एन्व्हमधून -जे२ देता येतं, आणि त्याचा 'जम्बो-बिल्ड' यूज फ्लॅग (पॅकेजमधली सोय चालू-बंद करायचं बटण) बंद करा. वेळ वाढतो पण मेमरी कमी लागते.

लाइटचं: 'इमर्ज --रिझ्यूम' उरलेल्या यादीवरून सुरू होतं, पण अर्धवट पॅकेज पुन्हा शून्यापासून. ते टाळायचं तर 'ई-बिल्ड', त्या पॅकेजच्या ई-बिल्ड फाइलचा पूर्ण पाथ आणि शेवटी 'मर्ज' असं द्या. काम थांबलं होतं तिथून उचलतं, मग --रिझ्यूम --स्किपफर्स्ट. मात्र अर्धवट फाइली डिस्कवर हव्यात. तुमच्या रॅममध्ये होत्या, त्या लाइटबरोबर गेल्या.

चौकोनी_वर्तुळ:
मी आधी वेगळंच विचारेन. वेबइंजिन हवंय कोणाला? 'इमर्ज --प्रिटेंड --व्हर्बोज --डेपक्लीन क्यूटी-वेबइंजिन' चालवा. काढणार काहीच नाही, कोण त्याला धरून बसलंय ते दाखवेल.

आणि डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःच तयार बायनरी पॅकेजं देतं. --गेटबिनपीकेजी जोडून बघा. यूज फ्लॅग जुळले तरच उपयोग. त्यात कमीपणा मानू नका, मी रस्ट कधीच घरी कंपाइल करत नाही.

पेठेतला_पेंग्विन:
म्हणजे शेवटी तयारच आणायचं. आम्ही वेगळं काय सांगत होतो?

खिडकी_नको (शनिवारी):
अपडेट. लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' दोनदा सापडलं, वेळासुद्धा तंतोतंत. आणि वर्तुळराव, यादीत निघाले केमेलच्या (केडीईचं ईमेल ॲप) गोतावळ्यातले लोक आणि ॲक्रिगेटर (फीड वाचायचं ॲप)! केमेल मी आजवर उघडलेलं नाही. बसवताना आळसाने 'केडीई-ॲप्स-मेटा' घेतलं होतं, त्यातून सगळं वऱ्हाड आलं. ते डीसिलेक्ट केलं, कोन्सोल, डॉल्फिन, केट तेवढे सुटे घेतले, डेपक्लीन मारलं. वेबइंजिन गेलं. उरलेली पॅकेजं -जे३ वर रात्रीत झाली. आई झोपली होती.

आता शेवटी म्हणतोय की २३ कॉन्फिग फाइली अपडेट करायच्या आहेत. सगळ्यांना हो म्हणू का?

जुनं_खोड:
नाही! 'डिस्पॅच-कॉन्फ' चालवा, एकेक फरक वाचा. 'यू' म्हणजे नवी घ्या, 'झेड' म्हणजे नवी फेका. ज्या फाइलीला तुम्ही कधी हात लावला नाही तिथे 'यू', ज्यात स्वतः काही लिहिलंय तिथे थांबा. मी एकदा रात्री २ वाजता सरसकट हो म्हणून माझी एफएसटॅब घालवली होती. सकाळी मशीन विचारत होतं, रूट कुठाय.