रोमन चांदीची अंगठी: ‘टी-ओ-टी’ शिक्क्याची की नवसाची?

प्रश्न: इंग्लंडच्या लिंकनशायर भागात टी-ओ-टी (TOT) अक्षरं कोरलेल्या रोमनकालीन चांदीच्या अंगठ्या सापडतात. त्या शिक्क्याच्या, म्हणजे मेणावर ठसा उमटवायच्या, मानायच्या की देवाला नवस म्हणून वाहिलेल्या? आणि संग्रहालयं त्या लखलखीत का करत नाहीत?

उत्तर १: शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरतात, म्हणजे ठसा सुलटा उमटतो. इथे ती कसोटी चालत नाही, टी-ओ-टी दोन्हीकडून सारखंच. पण याच प्रकारच्या एका अंगठीवर ‘देओ तोता’ आहे, म्हणजे देवाला अर्पण. हा देव तूतातिस, प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांचा; टी-ओ-टी हे त्याच्याच नावाचं लघुरूप. काळ साधारण इ.स. 2रं-3रं शतक.

उत्तर २: कृपया घासू नका! जमिनीत चांदीवर क्लोराइडचा, म्हणजे एक प्रकारच्या गंजाचा, थर चढतो, कोरीव रेघ बऱ्याचदा त्याच थरात टिकते. डिप (चांदी चमकवायचं रासायनिक द्रावण) वापरलं तर अक्षरंच जातात. शिवाय जुनी चांदी ठिसूळ, अंगठीचं कडं दाबलं की तडकतं. वाचायला तिरपा उजेड पुरतो, दिवा चारही बाजूंनी फिरवून फोटो घ्या.

उत्तर ३: अंगठी ठेवायच्या पेटीत लोकर, रबर नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.